स्वस्त औषधाचे देणे कोण फेडतो?

भारतीय औषधनिर्मितीविषयी आपल्याला वाटणारा अभिमान अस्थानी नाही. २००१ साली ‘सिप्ला’चे युसूफ हमीद यांनी एड्सवरील औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, त्याच उपचारासाठी पाश्चात्त्य कंपन्या तेव्हा सुमारे दहा हजार डॉलर आकारीत होत्या. आफ्रिकेतील असंख्य रुग्ण जगले ते या एका निर्णयाने. मात्र, आपल्या स्वस्त औषधांचा सगळाच खर्च किमतीत धरलेला नसतो, आणि त्याविषयी आपण फारसे बोलत नाही.

हैदराबादजवळील पटनचेरू हे औषधांच्या कच्च्या मालाचे मोठे केंद्र. तेथील सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी ज्या सामायिक शुद्धीकरण केंद्रात जात असे, त्याच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी स्वीडनचे संशोधक जोआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केली. एका लिटरमध्ये ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते! दिवसाला सुमारे ४५ किलो, म्हणजे संपूर्ण स्वीडनला पाच दिवस पुरेल एवढे प्रतिजैविक वाहून जात होते. आणि हे पाणी ‘शुद्ध केलेले’ होते, हे विसरता येत नाही. पुढे, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आसपासच्या तलावांत आणि गावविहिरींतही औषधांचे अंश सापडले.

हे पाणी ज्या नक्कवागू ओढ्यात मिसळे, तो जातो मांजरेला. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून लातूरची तहान भागविणारी तीच ही मांजरा. पुढे ती कंदकुर्तीला गोदावरीस मिळते. डॉ. हेडगेवारांच्या पूर्वजांचे हे गाव आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको. नंतर पटनचेरूचे सांडपाणी नळाने हैदराबादेतील अंबरपेठच्या केंद्राकडे वळविण्यात आले. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातील भार मुसीमार्गे कृष्णेच्या खोऱ्यात गेला. याला उपाय म्हणावे काय?

प्रश्न केवळ मासे मरण्याचा नाही. औषधमिश्रित पाण्यात जे जंतू तगतात, ते आपली प्रतिकारक्षमता इतर जंतूंनाही देतात. उद्या विषमज्वराच्या रुग्णाला तेच औषध लागू पडेनासे होते. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात १२.७ लाख मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज आहे. अशाच एका प्रतिकारक जनुकाशी ‘नवी दिल्ली’चे नाव जोडले गेले, त्यावरून २०१० साली देशभर संताप उसळला. तो रास्तच होता. ‘लॅन्सेट’च्या संपादकांनीही पुढे त्या नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. परंतु २०११ मध्ये दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोहोंत ते जनुक सापडले, त्याचा संताप कितीजणांना आला?

शासनाला हे कळत नव्हते असे नाही. जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सांडपाण्यातील १२१ प्रतिजैविकांच्या अंशांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता. जगाला दिशा दाखवील असे ते पाऊल होते. पण ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम आले, तेव्हा त्या मर्यादा त्यातून गळालेल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे काढली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. जो मान भारताला प्रथम मिळू शकत होता, तो आपणच सोडून दिला.

मर्यादा घातल्यास चिनी माल आपल्याला मागे टाकील, हा उद्योगाचा आक्षेप अगदीच खोटा नाही. सगळा भार कारखानदारावर टाकून निविदा मात्र सर्वांत कमी दराची स्वीकारावयाची, हा दुटप्पीपणा होय. नॉर्वेतील रुग्णालये प्रतिजैविके घेताना किमतीबरोबर पर्यावरणाचाही निकष लावतात. आपल्याकडे सर्वांत मोठा ग्राहक शासन आहे. महाराष्ट्राने २०२३ साली वैद्यकीय वस्तू खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला. प्रतिजैविकांच्या पुढच्या निविदेत सांडपाण्याच्या तपासणीचा अहवाल अनिवार्य करावा आणि स्वच्छ उत्पादनासाठी चार पैसे अधिक मोजण्याची तरतूद ठेवावी, एवढे या प्राधिकरणाला आजही करता येईल. त्यासाठी दिल्लीच्या अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.