मोबाईल मोजता, मनगट कोण बघणार?

डिजिटल जगण्याचा अभ्यास करणारे विचारतात, घरात मोबाईल किती, इंटरनेट आहे का? आम्ही विचारतो, यंत्र कुणाच्या हातात आणि नजर कुणावर? नागपूर महापालिकेने सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं घालायला लावली. कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, हे साहेबाला खुर्चीत बसून दिसू लागलं. साहेबाच्या मनगटावर असं घड्याळ का नाही? (झाडू पिढ्यानपिढ्या कुणाच्या हाती दिला गेला, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.) रोजगार हमीवर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर दिवसातून दोनदा फोटो सक्तीचा झाला, रेंज नसली की राबूनही हजेरी बुडते. अभ्यासकांनो, बुडालेल्या रोजाचा रकाना आधी प्रश्नावलीत घाला, मग निष्कर्ष काढा.