मोटारीला सवलत, ट्रामवर डांबर

दहा महिन्यांच्या अंतराने घडलेल्या दोन घटना एकत्र वाचल्या, म्हणजे राज्यकर्त्यांचे वाहतूक धोरण कोणाच्या सोयीसाठी आखले जाते हे उमगायला वेळ लागत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पश्चिम बंगालच्या परिवहनमंत्र्यांनी जाहीर केले की, एस्प्लनेड ते मैदान हा एक ‘वारसा’ मार्ग वगळता कोलकात्याची ट्राम बंद करण्यात येईल. ट्राम संथ आहे, तिच्यामुळे रहदारी खोळंबते, असे कारण देण्यात आले. त्यानंतर १५ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्ला या अमेरिकन कंपनीचे भारतातील पहिले दालन थाटात उघडले. सुमारे ६० लाख रुपये किमतीच्या विजेच्या मोटारीचे स्वागत करायला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री जातीने हजर होते. विजेवर चालणारे एक वाहन रस्त्यावरून हटवायचे आणि विजेवरच चालणाऱ्या दुसऱ्या वाहनासाठी पायघड्या घालायच्या, या विसंगतीचे मूळ विजेत नाही. वाहनात कोण बसतो, यात ते आहे.

भांडवलदारी वृत्तपत्रे सध्या नव्या आलिशान विद्युत मोटारी आणि प्रस्थापित कंपन्या यांच्यातील झुंजीची वर्णने रंगवून छापत आहेत. ही झुंज खोटी नाही. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी या घराण्यांची मक्तेदारी इंजिन आणि गिअरपेटी घडवण्याच्या कित्येक दशकांच्या कसबावर उभी होती. विजेच्या मोटारीला त्या इंजिनाची गरजच उरली नाही. तिचा प्राण बॅटरीत आहे, आणि किमतीचा मोठा हिस्साही तिथेच आहे. त्यामुळे १९९५ साली बॅटरी बनवण्यापासून सुरुवात केलेली चीनची बीवायडी कंपनी विद्युत मोटारींच्या विक्रीत २०२५ साली टेस्लाच्याही पुढे गेली. प्रस्थापितांनीही हातपाय हलवले. मर्सिडीजने पुण्याजवळच्या चाकण येथे २०२२ पासून दीड कोटी रुपयांच्या घरातील विजेच्या मोटारीची जुळणी सुरू केली.

परंतु या झुंजीचा खर्च कोण सोसतो? ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला आणि त्यासाठी किमतीची कोणतीही मर्यादा घालण्यात आली नाही. कामगार ज्या सायकलीवरून कारखान्यात जातो तिच्यावर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के कर कायम होता. म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ या देशात दीड कोटीच्या मोटारीवरील कराचा दर सायकलीवरील दराच्या निम्म्याहून कमी होता. आज दोन्हींचा दर समान, ५ टक्के आहे. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात तो मागे घेण्याची घोषणा केली. केंद्राने तर मार्च २०२४ मध्ये अशी योजना जाहीर केली की, ४,१५० कोटी रुपये गुंतवण्याची हमी देणाऱ्या कंपनीला वर्षाला ८,००० पर्यंत महागड्या विद्युत मोटारी अवघ्या १५ टक्के शुल्कावर आयात करता याव्यात. टेस्लाने तरीही येथे कारखाना काढला नाही, दालन काढले. पर्यावरणाचे नाव घेऊन दिलेल्या करसवलतीचा मोठा वाटा अशा रीतीने धनिकांच्या वाहनखान्यात जाऊन पडतो.

आणि या झुंजीत हरतो कोण? बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स येथील ऑडीचा कारखाना आलिशान विद्युत मोटारीच बनवत होता. त्या खपल्या नाहीत म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये कारखान्याला कुलूप लागले आणि सुमारे ३,००० कामगारांची रोजी गेली. ऑडीची मालक फोक्सवॅगन कंपनी २०३० पर्यंत जर्मनीतील ३५,००० जागा कमी करणार आहे. भागधारक एका कंपनीतून पैसा काढून दुसरीत घालू शकतो. कामगाराला आपले हात असे हलवता येत नाहीत.

हा धडा शिकायला कोलकातावासीयांना ब्रसेल्सला जाण्याचे कारण नाही. हुगळीकाठच्या उत्तरपाडा येथे बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सने कित्येक दशके अ‍ॅम्बॅसडर बनवली. परवानापद्धतीच्या आश्रयाने मिळालेली बाजारपेठ हाती असताना मालकांनी नव्या तंत्रात पैसा घातला नाही. १९८३ साली मारुती रस्त्यावर आली तेव्हा त्यांचे पितळ उघडे पडले. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचे काम थांबवण्यात आले आणि दोन हजारांहून अधिक कामगार रस्त्यावर आले. २०१७ साली अ‍ॅम्बॅसडर हे नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीला ८० कोटी रुपयांना विकले गेले. नावाला गिऱ्हाईक मिळाले. ज्या हातांनी ते नाव मिळवले त्यांना कोणी विचारले नाही. आज पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक येथील ज्या कारखान्यांत पिस्टन, गिअर, इंजिनाचे सुटे भाग बनतात, तेथील कामगारांनी उत्तरपाड्याचा हा इतिहास ध्यानात ठेवला पाहिजे.

कोलकात्यात विजेची ट्राम २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर धावली. तिला बॅटरी लागत नाही, म्हणून लिथियम किंवा कोबाल्टही लागत नाही. डोक्यावरची तार आणि पायाखालचा रूळ एवढ्यावर ती चालते. पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा घर्षण कमी, म्हणून विजेचा खर्चही कमी. ज्या शहराच्या भूमीपैकी जेमतेम सहा टक्क्यांच्या आसपास भाग रस्त्यांना मिळाला आहे, तेथे मोटारीत एकटा बसलेला धनिक जागा अडवतो की शंभर उतारूंना नेणारी ट्राम, याचा हिशेब अवघड नाही. तरीही दोष ट्रामच्या माथी आला. रुळांवर डांबर ओतण्याचा प्रश्न कोलकाता उच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाला ते थांबवण्यास सांगावे लागले.

ही ट्राम जनतेने लढून आपली केली होती. जुलै १९५३ मध्ये लंडनच्या मालकांच्या ट्राम कंपनीने दुसऱ्या वर्गाचे भाडे एक पैशाने वाढवले, तेव्हा सारे शहर पेटून उठले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. १९६७ साली सरकारने कंपनीचा कारभार हाती घेतला, १९७६ साली मालकीही घेतली. मात्र येथे आत्मटीकाही आवश्यक आहे. हावडा पुलावरील ट्राम १९९३ साली बंद झाली तेव्हा राज्यात डाव्या आघाडीचेच सरकार होते. मार्ग एकेक करून आखडत गेले आणि ज्या चळवळीने एका पैशासाठी शहर बंद पाडले होते, तिने रूळ उखडले जाताना तेवढा आवाज उठवला नाही. ही चूक झाकण्याने आजचा लढा बळकट होणार नाही.

विजेच्या वाहनाला विरोध करणे हे कामगारवर्गाचे धोरण असू शकत नाही. कोलकाता असो की मुंबई, धुराने काळवंडलेल्या हवेत सर्वांत आधी त्याचीच फुप्फुसे खराब होतात. प्रश्न एवढाच की सार्वजनिक पैशाची वीज कोणासाठी. आलिशान मोटारींवरील करसवलत रद्द करा आणि तो पैसा ट्राम व सार्वजनिक बससेवेकडे वळवा. कोलकात्याचे उरलेले मार्ग चालू ठेवून बंद केलेले मार्ग टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करा. विजेच्या वाहनांकडे वळताना एकाही कामगाराला नव्या कामाचे शिक्षण आणि पूर्ण वेतन दिल्यावाचून कमी करू नका. या मागण्या कोलकात्याच्या ट्राम आगारात, बेस्टच्या बस आगारात आणि चाकणच्या फाटकावर एकाच वेळी उठल्या पाहिजेत. टेस्ला जिंकते की मर्सिडीज, याची काळजी त्यांच्या भागधारकांनी करावी. डांबराखालचा रूळ पुन्हा उघडा करायचा, ही जबाबदारी मात्र जनतेची आणि तिच्या संघटनांची आहे.