भांडत नाहीये, बोलतेय!

हे वाक्य आमच्या होस्टेलमध्ये आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतंच. कोल्हापूरकडची एखादी मुलगी कॉरिडॉरमध्ये घरी फोनवर बोलत असते, शेजारच्या रूममधून कुणीतरी डोकावतं, "काय गं, सगळं ठीक ना?" ती फोनवर हात ठेवून सांगते, "भांडत नाही गं, आईशी बोलतोय." (‘बोलतोय’ ही छपाईची चूक नाही बरं का! त्या भागातल्या कितीतरी मुली स्वतःबद्दल ‘आलो, गेलो, जेवलो’ असंच म्हणतात. फर्स्ट इयरला यावर हसण्यातच काही जणींचं अर्धं सेमिस्टर गेलं.)

आता मला सांगा, यात कम्युनिकेशन कोणाचं बिघडलं? बोलणारीचं तर नाही. तिच्या आईला सगळं नीट कळत होतं. बिघाड होता तो डोकावणारीच्या कानात. आणि तरीही ‘कम्युनिकेशन स्किल्स’ म्हटलं की आपण सगळा भार बोलणाऱ्याच्याच डोक्यावर टाकतो. सेमिनार, वर्कशॉप, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट, सगळीकडे बोलायचं कसं हेच शिकवतात. ऐकायचं कसं याचा एक तासही टाइमटेबलमध्ये नाही.

आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले तरी असं म्हणू शकत नाही. रिसीव्हर हा काही निष्पाप डबा नसतो. त्याचा स्वतःचा थर्मल नॉइज असतो, अँटेनाकडून काहीही आलेलं नसताना सुद्धा! म्हणून तर नॉइज फिगर काढतात. माणसाच्या रिसीव्हरची नॉइज फिगर मात्र कुणी काढत नाही असं मला वाटायचं. पण लायब्ररीत शोधलं तर ती काढलेली आहे, आणि आकडे फारसे चांगले नाहीत.

कॅनडात माँट्रियलला वॉलेस लँबर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक गंमत केली (पेपर १९६० चा आहे). दोन्ही भाषा उत्तम येणाऱ्या माणसांकडून एकच उतारा एकदा इंग्रजीत आणि एकदा फ्रेंचमध्ये वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं, ही वेगवेगळी माणसं. त्यांनी इंग्रजी आवाजांना जास्त हुशार, जास्त भरवशाचं, इतकंच काय, जास्त उंच आणि देखणंसुद्धा ठरवलं! आवाजावरून उंची! सगळ्यात वाईट वाटलं ते पुढचं वाचून. ज्यांची स्वतःची भाषा फ्रेंच होती त्यांनीही इंग्रजी आवाजालाच वरचे मार्क दिले.

अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली याच्याही पुढची गोष्ट दाखवली. विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातलं रेकॉर्ड केलेलं लेक्चर ऐकवलं. काहींना समोर गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, काहींना आशियाई बाईचा. टेप तीच, शब्द न् शब्द तोच. पण आशियाई चेहरा बघणाऱ्यांना उच्चार परदेशी वाटले, आणि लेक्चरही कमी समजलं. म्हणजे डोळ्यांनी आधी ठरवलं आणि कानांनी मुकाट्याने सही केली.

हे सगळं सातासमुद्रापारचं झालं असं म्हणाल. मग घरचं उदाहरण घ्या. विदर्भातली मुलगी ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणाली की मेसमध्ये हशा पिकतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, माझा ‘ळ’ अजूनही कच्चा आहे, घाईत ‘शाळा’ची ‘शाला’ होते. मला आजवर कुणीही गावंढळ म्हटलेलं नाही. ‘सो क्यूट’ म्हणतात! अक्षर तेच, ‘ळ’. तिचा गेला तर ती अडाणी, माझा गेला तर मी क्यूट. (मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण स्टेटस टाकले होते. ते नेमक्या कुठल्या मराठीसाठी होते?)

उलट बाजूही आहेच. मी "एक्स्क्यूज मी" म्हटलं की मी शिष्ट. हा लेख देणार म्हटल्यावर एकाने विचारलं, "कुणाकडून लिहून घेणार?" त्याने माझं एक मराठी वाक्यही वाचलेलं नव्हतं. शाळेचं नाव पुरलं.

पण मी दोन्ही पारडी सारखी धरणार नाही, कारण ती सारखी नाहीत. मला शिष्ट म्हटल्याने माझे मार्क जात नाहीत. माझ्या रूममेटचे जातात.

ती लातूरची. मागच्या सेमिस्टरला ओरल्सच्या आदल्या रात्री तिने मला निगेटिव्ह फीडबॅक अॅम्प्लिफायर शिकवला, मेसच्या ताटावर चमच्याने डायग्राम काढून. दुसऱ्या दिवशी एक्स्टर्नलनी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सर, गेन कमी होतंय, पण बँडविड्थ वाढतंय, अन् डिस्टॉर्शन कमी होतंय." बरोबर आहे की नाही? सरांनी वर न बघता सांगितलं, "प्रॉपर बोला. कम्युनिकेशन सुधारा." त्यानंतर तिचं तोंड जे मिटलं ते पुढच्या चार प्रश्नांना उघडलंच नाही, आणि चारही तिला येत होते. लगेच माझा नंबर. मी तिचंच वाक्य इंग्रजीत म्हटलं. "गुड!" पंचवीसपैकी मला एकोणीस, तिला अकरा.

कुणी म्हणेल, इंग्रजी यायलाच हवं, पुढे कंपनीत कोण मराठी ऐकणार? मान्य, शंभर टक्के मान्य. मग इंग्रजीची परीक्षा इंग्रजीची म्हणून घ्या. अॅम्प्लिफायरच्या परीक्षेत अॅम्प्लिफायर तपासा. एआयसीटीईने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, मराठी पुस्तकंही निघाली. चांगलंच झालं. पण पुस्तकाची भाषा बदलल्याने टेबलापलीकडचा कान बदलत नाही.

बदलू शकतो, हे मात्र नक्की. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने लंडनच्या एका विमानतळावरच्या कँटीनची गोष्ट लिहून ठेवली आहे, १९७० च्या दशकातली. तिथे वाढायला भारतीय-पाकिस्तानी बायका नव्याने लागल्या होत्या. साहेब लोक म्हणत, या उद्धट आहेत. बायका म्हणत, आम्हाला मुद्दाम त्रास देतात. टेप काढून ऐकल्या तर भांडणाचं मूळ एका शब्दात. ग्रेव्ही हवी का हे विचारताना इंग्रज बाई "ग्रेव्ही?" म्हणायची, शेवटी सूर वर. आपल्या बायका "ग्रेव्ही." म्हणायच्या, सूर खाली. त्यांच्या लेखी तो साधा प्रश्न होता. समोरच्याला ऐकू यायचं, "ही ग्रेव्ही, घ्यायची तर घे!" दोन्ही बाजूंना एकत्र बसवून टेप ऐकवल्या तेव्हा दोघांनाही कळलं की समोरच्याच्या मनात वाकडं नव्हतं.

आपल्याकडे टेप वाजवायला कोणी नाही. म्हणून स्टाफला एक साधी विनंती आहे. ओरल्समध्ये पहिले दोन प्रश्न मुलाला ज्या भाषेत येतील त्या भाषेत सांगू द्या, इंग्रजीचा आग्रह तिसऱ्यापासून धरा. आणि उत्तर विचित्र वाटलं तर मार्क मांडायच्या आधी फक्त "म्हणजे?" एवढं विचारा. जास्तीत जास्त अर्धा मिनिट जाईल.

तोपर्यंत आमच्या रूमने आपली सोय केली आहे. सबमिशनच्या आधीच्या दोन्ही रविवारी दुपारच्या जेवणानंतर मॉक ओरल्स. प्रश्न नागपूरवाली विचारणार, अॅम्प्लिफायर लातूरवाली तपासणार, इंग्रजी मी बघणार. कोल्हापूरवाली एक्स्टर्नल होणार, कारण तिच्या आवाजाची सवय झाली की खऱ्या एक्स्टर्नलची भीती राहत नाही. सगळ्या ब्रँचच्या मुलींनी यावं. खुर्ची मात्र आपापली आणावी.