घर, परिसर आणि रेखाटन

शालेय चित्रप्रदर्शनांत एक देखावा हमखास आढळतो : दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी आणि तिच्या शेजारी नारळाचे झाड. आम्ही इंदूरची मुले माळव्याच्या पठारावर राहतो. असा देखावा आमच्यापैकी कोणी खिडकीतून पाहिला असेल, असे वाटत नाही. मग तो आमच्या कागदावर आला कोठून? अर्थातच दुसऱ्याच्या चित्रावरून! ही सवय मोडावी आणि विद्यार्थ्याने प्रथम आपली माणसे व आपला परिसर रेखाटावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

न्यूरेंबर्गचा थोर जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर (१४७१–१५२८) याचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. हा एका सोनाराचा मुलगा. १४८४ साली त्याने आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले, आणि तेही ज्याची रेघ सहजी खोडता येत नाही अशा रुप्याच्या टोकाने. पुढे हातावर हनुवटी टेकून पेंगुळलेली पत्नी त्याने मोजक्याच रेघांत टिपली. नदीकाठचा तार ओढण्याचा कारखाना त्याने जलरंगांत उतरविला. १५०३ मध्ये तर गवताचा एक साधा झुबका पातीपातीने रंगविला.

परंतु त्याचे १५१४ च्या मार्चमधील कोळशाचे रेखाटन आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. ते त्याच्या त्रेसष्ट वर्षांच्या आईचे आहे. अठरा मुलांना जन्म देऊन त्यांतील बहुतेकांचे मरण पाहिलेल्या त्या माउलीचे ओढलेले गाल, गळ्याच्या शिरा, कपाळावरच्या सुरकुत्या, यांतील काहीही त्याने झाकले नाही. दोनच महिन्यांनी ती निवर्तली. त्याच कागदावर त्याने तिच्या मृत्यूची नोंद केली.

कोणी म्हणेल, नक्कल केल्याने हात वळतो. ते आम्हांस मान्य आहे. पण नकलेने नजर वळत नाही. कोणी म्हणेल, मोबाइलने क्षणात छायाचित्र निघत असता हा खटाटोप कशाला? छायाचित्र जरूर काढावे. मात्र आजीचा हात रेखाटताना अर्धा तास त्या हाताकडे पाहावे लागते, आणि तेवढा वेळ आपण एरवी तिला कधी देतो?

आमच्या इंदूरलाही या मार्गाची परंपरा आहे. येथेच १९१० साली जन्मलेले व द. दा. देवळालीकरांचे शिष्य असलेले ना. श्री. बेंद्रे प्रथम निसर्गचित्रकार म्हणूनच नावारूपास आले.

घरातील वडीलधारी माणसे आणि शहराबाहेरील मोकळी शेते ही कायमची नसतात. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने एक साधी वही याच कामासाठी ठेवावी. तीत स्वयंपाकघरातील आई यावी, चष्मा पुसणारे आजोबा यावेत, कान्ह नदीचा आजचा काठ जसा आहे तसा यावा. चित्र वेडेवाकडे निघाले तरी फाडू नये. त्याखाली तारीख मात्र अवश्य घालावी. अशा रेखाटनांसाठी पुढील वार्षिकात दोन पाने राखून ठेवावीत, अशी संपादक मंडळास आमची विनंती आहे.