२०० मेगापिक्सेलचा फोन घेताय? आधी प्रकाशाची मर्यादा समजून घ्या

ठाण्यात गोखले रोडवर किंवा कल्याण-डोंबिवलीत स्टेशनजवळ फोन बघायला गेलात, की ‘२०० मेगापिक्सेल’ हा आकडा हमखास ऐकवला जातो. आकडा खोटा नसतो. पण तो पूर्ण वापरला जातो का?

सॅमसंगच्या आयसोसेल एचपी२ या २०० मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा आहे. लाल प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.६५ मायक्रॉन. म्हणजे पिक्सेल लाटेपेक्षाही लहान! लेन्स मात्र प्रकाश इतक्या छोट्या ठिपक्यात गोळा करू शकत नाही, विवर्तनामुळे तो पसरतो. एफ/१.७ लेन्सखाली हिरव्या प्रकाशाचा ठिपका सुमारे २.३ मायक्रॉनचा होतो. एकाच ठिपक्याखाली साधारण ११-१२ पिक्सेल येतात! त्यामुळे १२.५ मेगापिक्सेलच्या फोटोपेक्षा २०० मध्ये तपशील जास्त मिळतो, पण १६ पट नाही.

ही मर्यादा मोडता येते का?

लेन्सची ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच मांडली होती. पण २०१५ मध्ये इटली आणि इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट दाखवली. पोटॅशियम, लिथियम, टँटलम आणि निओबियम असलेल्या त्यांच्या स्फटिकात अणूंची मांडणी ठिकठिकाणी विस्कळीत असते. हा स्फटिक ‘नॉनलिनिअर’ आहे, म्हणजे प्रकाश पडला की तो स्वतःच बदलतो. आत विद्युतक्षेत्र तयार होतं, अपवर्तनांक बदलतो आणि किरण स्वतःची वाट स्वतःच कोरतो. परिणाम? तरंगलांबीपेक्षा बारीक किरण न पसरता पुढे गेला. एरवी असा किरण जेवढ्या अंतरात पसरायला लागतो, त्याच्या १००० पटींहून जास्त अंतर त्याने कापलं.

विस्कळीतपणा प्रकाशाला दुसऱ्या प्रकारेही अडवतो. विखुरलेल्या लाटा एकमेकींना छेदून जागच्या जागी अडकतात. फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये इलेक्ट्रॉनसाठी मांडलेली ही कल्पना आहे. आपल्याकडे कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये सुशील मुजुमदार यांचा गट प्रकाशाच्या बाबतीत यावर काम करतो.

मग फोनमध्ये कधी?

लगेच नाही. त्या स्फटिकाचं तापमान नेमकं सांभाळावं लागतं, आणि बाहेर पडताच किरण पुन्हा पसरतो. तोवर मेगापिक्सेलपेक्षा सेन्सरचा आकार आणि एफ-नंबर विचारा. दुकानातच दूरच्या पाटीचा १२ आणि २०० मेगापिक्सेलमध्ये फोटो काढा, झूम करा. फरक दिसला तरच जास्तीचे पैसे मोजा.