भाड्यासाठी जुने घर घेताना

तालुक्याच्या गावात भाड्याने देण्यासाठी घर घ्यायचे म्हणजे बहुधा गावठाणातले जुने घर घेऊन ते राहण्याजोगे करायचे. लातूर जिल्ह्यातले शिरूर अनंतपाळ हे असेच एक गाव; 1999 मध्ये निलंग्यातून तो वेगळा तालुका झाला. तहसील, पंचायत समिती, बँका आणि शाळांत बदलून येणारी कुटुंबे हा अशा गावातला भरवशाचा भाडेकरू. त्याला दोन खोल्या, स्वतंत्र संडास-न्हाणी आणि पाणी हवे असते.

आधी कागद. नगरपंचायतीच्या कर उताऱ्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध होत नाही. ती नोंद कर वसुलीसाठी असते. खरेदीखतांची साखळी पाहावी, दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा शोध घ्यावा आणि चतुःसीमा जागेवर उभे राहून ताडून घ्याव्यात. सामाईक भिंत कोणाची, हे शेजाऱ्यालाही विचारावे. घर वडिलोपार्जित असेल तर खरी अडचण वारसांची. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तेव्हा सासरी गेलेल्या बहिणींच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर घर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये.

मग भिंती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे याच जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे जड माळवद कोसळल्याने. मातीत रचलेल्या अशा भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर असतात. दोन्हींना बांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्याने थर सुटतात. अशा घराला गिलावा आणि रंग देऊन भाडेकरू ठेवणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे. माळवदावरची माती उतरवून हलके छप्पर घालणे, भिंतींत ठरावीक अंतराने आरपार सांधे घेणे, दारांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा देणे, कोपरे बांधून घेणे, ही कामे अभियंत्याला दाखवून आधी करावीत. फरशी आणि रंग त्यानंतर. भिंत फुगली किंवा ओळंब्यातून गेली असेल, तर दुरुस्तीपेक्षा पाडून बांधणे बहुधा परवडते. मग घराची नव्हे, मोकळ्या जागेची किंमत द्यावी.

पाण्याची पाहणी एप्रिल-मेमध्ये करावी. श्रावणात प्रत्येक बोअर चालतो. 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्या जिल्ह्यात पाण्याचा खर्च शेवटी धरून चालत नाही.

हिशोब खरेदी आणि दुरुस्ती मिळून करावा. समजा, घर 12 लाखांना घेतले, दुरुस्तीला 4 लाख लागले आणि भाडे 6,000 ठरले. वर्षाचे 72,000. दीड महिना घर रिकामे राहिले तर 63,000. कर आणि किरकोळ कामे 11,000 धरली तर हाती 52,000, म्हणजे सव्वातीन टक्के. बँकेतली ठेवही याहून जास्त देते. रस्त्यालगतची खोली गाळा म्हणून देता आली तरच हे गणित बरे होते. एरवी खरेदीची किंमत कमी करून घेणे हाच उपाय.

करार अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. मराठवाड्यात 1954 च्या हैदराबाद भाडे कायद्याची जागा घेणाऱ्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 55 तसे सांगते. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोडण्याचा भार मालकावर येतो. नोटरीच्या शिक्क्यावर भागवू नये.

आयकरात भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. किरकोळ दुरुस्तीची वेगळी नाही. छप्पर, भिंती अशा मोठ्या सुधारणांचा खर्च मात्र घर विकताना भांडवली नफ्यातून वजा करता येतो. त्यामुळे गवंड्याच्या पावत्या आणि सिमेंट-लोखंडाची बिले विक्रीपर्यंत जपावीत.