ज्याला पाना लावता येत नाही, ते यंत्र तुमचे नाही



अमेरिकेत आणि इंग्लंडात जुने ट्रॅक्टर गोळा करणारी, वाफेची इंजिने पुन्हा उभी करणारी हजारो माणसे आहेत. हे ऐकले की आपल्याकडे दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक म्हणतो, "पोट भरले की असले चाळे सुचतात." दुसरा बहुधा शहरातला असतो. तो डोळे मिटून म्हणतो, "जुने ते सोने." दोघांनीही त्या माणसांच्या हाताकडे पाहिलेले नाही. त्यांच्या हातात पाना आहे. आणि नेमका तोच पाना शेतकऱ्याच्या हातातून काढून घेण्याचे काम आज जगभर चालले आहे. त्यामुळे हा विषय हौशी माणसांचा म्हणून सोडून देता येत नाही. कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याने तर मुळीच नाही.

भंगारातून वाचलेली विद्या

अमेरिकेत आयोवा राज्यात माउंट प्लेझंट नावाचे गाव आहे. तिथे १९५० पासून जुन्या मळणीवाल्यांचा मेळा भरतो. ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला पाच दिवस वाफेची इंजिने, जुने ट्रॅक्टर, मळणीयंत्रे सगळे चालू करून दाखवतात. वाफेवर मळणी केलेली पिढी थकत चालली होती, तेव्हा हे सुरू झाले. त्याच वर्षी इंग्लंडात ॲपलफोर्ड गावी आर्थर नॅपर नावाच्या शेतकऱ्याने बिअरच्या एका पिंपाच्या पैजेवर शेजाऱ्याशी वाफेच्या इंजिनांची शर्यत लावली. लोक हसायला आले आणि बघत राहिले. तिथून इंग्लंडात जुनी इंजिने वाचवण्याची चळवळ उभी राहिली. त्या काळी ही इंजिने वजनावर भंगारात जात होती. युद्धात लोखंड हवे म्हणून कितीतरी आधीच वितळवली गेली होती.

ही माणसे नेमके काय करतात? बांधावर तीस-चाळीस वर्षे गंजत पडलेला ट्रॅक्टर ओढून आणतात. पिस्टन सिलिंडरला धरलेला असतो. त्यात रॉकेल आणि तेल ओतून आठवडे नि महिने वाट पाहतात. हातोडा घालण्याची घाई करत नाहीत. गिअर तुटला असेल आणि दुकानात मिळत नसेल, तर लाकडाचा नमुना करून ओतशाळेतून नवा ओतून घेतात. बेअरिंगमध्ये पांढरा धातू वितळवून ओततात आणि हाताने खरवडून मापात बसवतात. नंबरप्लेटवरून यंत्राचे साल शोधतात, जुनी माहितीपुस्तके जपतात आणि एकमेकांना देतात.

भावांनो, यातले कोणते काम आपल्या तालुक्याचा मिस्त्री करत नाही? लेथवर शाफ्ट चढवून तोही तेच करतो. शेतकीची पदवी घेताना मी इंजिनाचे भाग आकृतीवरून पाठ केले. ते प्रत्यक्षात कसे झिजतात, हे मला अशाच मिस्त्रींनी दाखवले. तिकडे त्या कामाला बक्षीस मिळते. इकडे त्याच कामाला 'जुगाड' म्हणून नाक मुरडतात.

नकाशा हातात असला की

केस कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दीडशे अश्वशक्तीची वाफेची अवाढव्य इंजिने बांधली. एकूण फक्त नऊ. त्यांतले एकही अखंड उरले नाही. पण मूळ नकाशे उरले होते. त्या नकाशांवरून साउथ डकोटा राज्यात एका ओतकामवाल्याने सगळे भाग नव्याने ओतले, कातले, जोडले आणि २०१८ साली ॲन्डोव्हर गावी ते इंजिन शेतात उतरवले. डझनांनी फाळ एका वेळी जमिनीत घालून ते ओढत गेले.

शंभर वर्षांपूर्वी नाहीसे झालेले यंत्र माणसाने पुन्हा जन्माला घातले. का जमले? नकाशा उघडा होता, यंत्र उघडे होते, आणि हात शिकलेले होते. आता हाच प्रश्न आजच्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरला विचारा. शंभर वर्षांनी पुन्हा बांधणे राहू द्या. आज दुपारी त्याचा लाल दिवा लागला तर मालकाला तो का लागला हे कळेल काय?

मालक कोण?

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी हा प्रश्न विचारला. मोठ्या ट्रॅक्टरात, हार्वेस्टरात आता संगणक बसले आहेत. बिघाड काय आहे हे पाहायला कंपनीचे सॉफ्टवेअर लागते, आणि ते पुरतेपणी फक्त अधिकृत डीलरकडे असते, अशी तिथल्या शेतकऱ्यांची तक्रार आहे. भाग स्वतः बदलला तरी संगणक तो 'ओळखत' नाही. पीक उभे, यंत्र उभे आणि शेतकरी डीलरच्या माणसाची वाट पाहत उभा. मग लिलावात चाळीस वर्षांपूर्वीच्या, बिनसंगणकाच्या जॉन डिअर ४४४० सारख्या ट्रॅक्टरांवर शेतकरी चढाओढीने बोली लावू लागले. हौस म्हणून नव्हे, रोज शेतात चालवायला. जुने यंत्र गोळा करणारा आणि घाम गाळणारा शेतकरी तिथे एकाच रांगेत येऊन उभे राहिले.

२०२३ साली कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. अमेरिकेतला हा असा पहिला कायदा. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारच्या व्यापार आयोगाने दुरुस्तीवरच्या याच मक्तेदारीबद्दल डिअर कंपनीवर खटला भरला. एवढी मोठी शेती, एवढे मोठे शेतकरी, आणि त्यांनाही स्वतःच्या ट्रॅक्टरचे बॉनेट उघडण्यासाठी कायद्याच्या दारात जावे लागले!

हा प्रश्न आपल्या बांधावर पोचला आहे. १ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. ते पाळायचे म्हणजे डिझेलचा फवारा संगणकाने नियंत्रित करणारी इंजिने आली. धूर कमी व्हायला आपला विरोध नाही. तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. आपला प्रश्न साधा आहे. त्या डब्याची किल्ली कोणाकडे? पैसे माझे, कर्ज माझे, हप्ता माझा, सातबाऱ्यावर बोजा माझा, आणि किल्ली कंपनीची? याला मालकी म्हणत नाहीत. याला भाडेपट्टा म्हणतात.

शंभर वर्षांपूर्वीचा शेतकरी आमदार

हे गाऱ्हाणे नवे नाही आणि त्यावरचा इलाजही नवा नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझिअर नावाचा शेतकरी होता. त्याने 'फोर्ड' नावाचा ट्रॅक्टर घेतला. हेन्री फोर्डचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता. फोर्ड आडनावाचा एक माणूस गाठून त्याचे नाव लावले होते. ट्रॅक्टर निकामी निघाला. दुसऱ्या कंपनीचा घेतला, तोही तसलाच. क्रोझिअर पुढे विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ साली त्याने कायदा करवला. राज्यात विकायचा प्रत्येक नमुन्याचा ट्रॅक्टर आधी विद्यापीठात तपासायचा, निकाल जाहीर करायचा, आणि सुटे भाग व दुरुस्तीची सोय राज्यातच ठेवायची. नाही तर विक्री बंद. १९२० पासून तपासण्या सुरू झाल्या. ती जुनी तपासणीशाळा आता जुन्या ट्रॅक्टरांचे संग्रहालय आहे.

फसलेल्या शेतकऱ्यांनी नशिबाला बोल लावला नाही, कायदा करून घेतला. आपल्याकडेही मध्य प्रदेशात बुदनीला १९५५ पासून ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि तपासणीची केंद्रीय संस्था आहे. यंत्राची ताकद आणि डिझेलचा खर्च तिथे मोजतात. त्यात आणखी एक मोजमाप घालायला हवे. हे यंत्र गावचा मिस्त्री उघडू शकतो काय?

आपल्या विहिरीवरचा पुरावा

मिस्त्रीच्या हाताची किंमत किती, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. एचएमटीचे ट्रॅक्टर १९७१ पासून पिंजोरला बनू लागले. २०१६ साली सरकारने तो ट्रॅक्टर कारखाना बंद करायचे ठरवले. कारखाना गेला, पण एचएमटी अजून शेतात धावतात. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत १९६३ साली उभ्या केलेल्या कंपनीचे बी-२७५ अजून कुठे कुठे पाण्याचे टँकर ओढताना दिसतात. कंपनी मेली तरी यंत्र जगले, कारण त्याची विद्या कंपनीच्या तिजोरीत नव्हती, मिस्त्रीच्या बोटांत होती. उद्या संगणकवाली एखादी कंपनी बुडाली, तर तिचा गुप्त आकडा कोणाला विचारायचा?

आणखी एक पुरावा. इंग्लंडातल्या लिस्टर कंपनीचे संथ चालीचे डिझेल इंजिन १९३० च्या सुमाराचे. राजकोटच्या कारखान्यांनी त्याच धर्तीची इंजिने ओतली आणि देशभर विहिरींवर बसवली. तिकडे ते बनणे थांबले तेव्हा अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी आपल्या राजकोटहून ती मागवली, उघडली, घासूनपुसून पुन्हा बांधली. पुढे तिथल्या धुराच्या नियमांनी ही आयात रोखली. म्हणजे आपण ज्याला 'खटारा' म्हणून विकतो, ते समजून घ्यायला साता समुद्रापलीकडचा माणूस पैसे मोजत होता.

आणि आपण काय केले? नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली वाफेवर सुरू झाली. वऱ्हाड-नागपूरचे जिन-प्रेस वाफेवर चालत. आपल्याच कापसावर ती वाफ धरली गेली. त्यांतले बहुतेक बॉयलर किलोच्या भावाने गेले. चिमण्या तेवढ्या उरल्या, त्याही ओसाड.

आक्षेप आणि उत्तरे

काही भाऊ म्हणतील, "म्हणजे आता जुनेच वापरायचे?" नाही. जुना ट्रॅक्टर डिझेल जास्त पितो, त्याचा ब्रेक भरवशाचा नसतो, उघडा फिरता शाफ्ट धोतर-साडी धरतो. वाफेशी तर खेळ नाहीच. २९ जुलै २००१ रोजी ओहायो राज्यात मेडिना इथल्या जत्रेच्या मैदानावर वाफेच्या एका जुन्या इंजिनाचा स्फोट होऊन पाच माणसे मेली. बॉयलरचा पत्रा झिजला होता आणि पाणी कमी पडले होते. त्यानंतर ओहायोने जुन्या बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. जुन्याची पूजा नको, जुन्याची विद्या हवी. १९२४ साली फार्मऑल ट्रॅक्टर आला तेव्हा तो नवाच होता. उभ्या कापसाच्या ओळींतून डवरणी करता यावी म्हणूनच तो तसा उंच बांधला होता. नवे असे शेतकऱ्याच्या कामाचे असेल आणि त्याला उघडता येत असेल, तर त्याचे स्वागत आहे.

दुसरे म्हणतील, "माझी पाच एकर कोरडवाहू. माझ्याकडे ट्रॅक्टरच नाही. मला काय त्याचे?" भाऊ, नांगरट तू भाड्यानेच करतोस ना? ट्रॅक्टरवाल्याच्या दुरुस्तीचे बिल शेवटी तुझ्याच एकरी दरात येते. आणि पावसानंतर वापसा येतो तो चार दिवस. त्या चार दिवसांत गावातला ट्रॅक्टर डीलरच्या माणसासाठी उभा राहिला, तर पेरणी तुझी मागे पडते, कंपनीची नव्हे.

मागण्या

सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी यांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी आणि वेगळी नंबरप्लेट मिळते. राजेरजवाड्यांच्या मोटारींना मान, आणि देशाचे पोट भरणारा ट्रॅक्टर भंगार! जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेती यंत्रेही होती. डिसेंबरात संकेतस्थळही निघाले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. म्हणून या जिल्हा मेळाव्यापुढे चार मागण्या ठेवतो.

एक : विकलेल्या प्रत्येक शेती यंत्राचे दुरुस्तीपुस्तक मराठीत, आणि बिघाड वाचण्याचे साधन वाजवी दराने मालकाला व कोणत्याही मिस्त्रीला मिळाले पाहिजे.

दोन : कंपनीने नमुना बंद केला किंवा कंपनीच बंद झाली, तर त्या यंत्राचे नकाशे आणि सॉफ्टवेअरची किल्ली खुली झाली पाहिजे.

तीन : पन्नास वर्षांवरच्या ट्रॅक्टरलाही 'व्हिंटेज'चा मान मिळाला पाहिजे.

चार : आयटीआयच्या पोरांना जुने इंजिन पूर्ण उघडून पूर्ण जोडायला शिकवले पाहिजे. त्यासाठी लागणारी इंजिने आपण गावागावांतून देऊ.

पण मागण्यांवर विसंबून बसू नका. भंगारवाला दारात येईल तेव्हा आधी गावच्या मिस्त्रीला बोलवा. जुनी माहितीपुस्तके चुलीत घालू नका. म्हाताऱ्या मिस्त्रीकडे एक पोरगा शिकायला बसवा. आणि नवा ट्रॅक्टर घ्यायला जाल तेव्हा रंग आणि हप्ता विचारण्याआधी डीलरला विचारा : हा बिघडला तर मी उघडू शकतो काय? तो हो म्हणाला, तर पावतीवर लिहून मागा.